कॅमेऱ्यातले सहा वीस

आमच्या सोसायटीत कधी चोरी झाली नव्हती, तरी कॅमेरे बसले. शेजारच्या सोसायटीत बसले, मग आपल्याकडे का नकोत, एवढं कारण वारज्यात पुरतं. चार कॅमेरे, एक रेकॉर्डिंगचं यंत्र आणि एक पडदा. वॉचमनच्या खोलीत ओल येते, मग यंत्र ठेवायचं कुठे यावर सभेत पाऊण तास काथ्याकूट झाला आणि शेवटी सेक्रेटरी म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी त्याची स्थापना झाली.

गळ्यात पडलं असं मी सभेत म्हटलं. मनातून मला आनंद झाला होता. माधव जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. सकाळचा चहा घेऊन मी पडद्यासमोर बसायचे. कोण किती वाजता फिरायला निघतं, कुणाकडे रोज बाहेरून डबा येतो, दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं एका रिक्षाने गेलं की दोन, सगळं कळायचं. मी कुणाला काही सांगत नसे. नुसतं बघण्यात कसलं आलंय पाप, असं मला वाटायचं.

एका बाबतीत मात्र मी अडून बसले होते. यंत्र बसवणारा दत्तोबा म्हणाला होता, "काकू, इंटरनेटला जोडून देतो. मुलीकडे गेलात तरी मोबाइलवर सगळं दिसेल."

"मला दिसेल तसं आणखी कुणाला दिसेल, ते सांगता येईल का तुला?"

त्याला सांगता येईना. मग नको म्हटलं. आमच्या दारातलं आमच्या घरात राहू दे. यंत्र नुसतं विजेवर चालायचं, सात दिवसांचं साठवायचं आणि आठव्या दिवशी पहिल्या दिवसाचं पुसून टाकायचं. अध्यक्ष हिंदुराव त्यावर हसले होते. "बाई लई सावध हायेत," असं ते जिन्यात कुणाला तरी म्हणाले, तेही मी ऐकलं.

मी सावध आहेच. छत्तीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. पाचला खिडकी बंद म्हणजे पाचला बंद. पाच वाजून एक मिनिटाने आलेला फॉर्म मी घेतलेला नाही. लोक मला कजाग म्हणायचे. चुकीची कुणी म्हटलं नाही.

तर, गोष्ट मंगळवारची. सकाळी कालव्याकडच्या वळणावर सुहासिनीबाईंची साखळी ओढली गेली. पलीकडच्या सोसायटीत राहतात, वय एकोणऐंशी, देवळातून घरी निघाल्या होत्या. साखळीबरोबर त्याही फरफटत गेल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. काळी मोटरसायकल, एकटाच माणूस, हेल्मेट, राखाडी जॅकेट. दुपारी सर्जेराव हवालदार आमच्याकडे आले. त्या रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्यांचं चित्रण गोळा करत होते. त्यांना सकाळी सहा ते साडेसहा हवं होतं.

मला चेव आला. सुहासिनीबाई माझ्या भजनाच्या मंडळातल्या. मी सर्जेरावांना पाणी दिलं, यंत्र लावून दाखवलं, पेन ड्राइव्हवर प्रत काढून दिली. चित्रण पळत होतं आणि मी त्यांना एकेक माणूस ओळखून सांगत होते. हे दूधवाले. हे हिंदुराव, कुत्र्याला घेऊन. पडद्यावर सहा वीस झाले तेव्हा फाटकातून एक काळी मोटरसायकल आत आली. हेल्मेट, राखाडी जॅकेट.

"हा कोण?" सर्जेराव म्हणाले.

"हा आमचा अमीन. रझियाबाईंचा मुलगा. तळमजल्यावर राहतात. हिंजवडीला नाइट शिफ्ट असते त्याची, रोज याच सुमाराला येतो."

मी हे कौतुकाने सांगितलं. अमीन चोवीस वर्षांचा, गुणी मुलगा. माझा गॅसचा सिलिंडर चढवून देतो. सर्जेरावांनी नाव लिहून घेतलं आणि अमीनबरोबर आडनाव काय, तेही विचारलं. दूधवाल्याचं त्यांनी विचारलं नव्हतं. मला ते त्या क्षणी खटकलं नाही, हे मी आज लाज वाटून सांगते.

मग त्यांनी एक छापील प्रमाणपत्र पुढे केलं. हे चित्रण माझ्या ताब्यातल्या यंत्रातलं आहे, त्यात फेरफार नाही, दिनांक आणि वेळ अचूक आहे, खाली सही. मी नुसती सही करून थांबले नाही. 'मी स्वतः तपासले आहे' असं खाली माझ्या अक्षरात लिहिलं. आणि कागद हातचा सोडण्याआधी पोच मागितली. पोच घेतल्याशिवाय मी आयुष्यात कागद दिलेला नाही. सर्जेरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहून दिली. आगमन दुपारी ३.१५, पेन ड्राइव्ह ताब्यात घेऊन प्रस्थान ३.४०.

गुरुवारी संध्याकाळी अमीनला घेऊन गेले.

मी तेव्हा भाजी आणायला गेले होते. परत आले तर जिन्यात पाच-सहा माणसं कुजबुजत होती. मला पाहून गप्प झाली. हिंदुरावांनी मला सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेश दाखवला. कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या कॅमेऱ्यामुळे चोर सापडला. सेक्रेटरी मॅडमचे आभार.' खाली टाळ्या वाजवणारे बावीस हात.

मला त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला रझिया दारात उभी होती. रझिया आणि मी आठ वर्षांच्या शेजारणी. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं माहेर गंज पेठेत, माझं सदाशिव पेठेत, त्यामुळे बाकीच्या पुण्याला पुणं समजायचं नाही यावर आमचं एकमत. रोज संध्याकाळी आम्ही बागेत चार फेऱ्या मारायचो. आज ती आत आली नाही.

"सुनीतीताई, रात्रभर तिथे बाकावर होते. आत्ता कपडे बदलायला आले. बारा वाजता अटक दाखवणार आहेत. मग कोर्ट, मग कोठडी."

"अगं पण कशावरून?"

"साखळी ओढली तेव्हा कालव्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात सहा बारा आहेत. तिथून आपल्या फाटकापर्यंत गाडीवर सात-आठ मिनिटं. तुमच्या कॅमेऱ्यात अमीन सहा वीसला आला. त्यांचं गणित बरोबर सुटलं. पण अमीन सहा दहाला घरात आला, ताई. माझा मोबाइलचा गजर सहा दहाचा आहे. मी गजर बंद करत होते आणि बेल वाजली. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. ते म्हणतात, आई असंच सांगणार."

"मोबाइलवरून कळतं ना हल्ली, माणूस कुठे होता ते?"

"टॉवर दोन्हीकडे एकच आहे. सगळं विचारून झालं." मग ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुमचा कॅमेरा खोटं बोलतोय."

मला राग आला. खोटं का सांगू? तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, मुलगा कोठडीच्या दारात होता, आणि मला राग आला तो माझ्या यंत्राच्या अपमानाचा.

"रझिया, आईचं मन मला समजतं. पण वेळ मी स्वतः तपासून दिली आहे. कॅमेऱ्याला काय, तुझ्या मुलाचं वाईट व्हावंसं वाटतं?"

ती वळली आणि जिना उतरून खाली गेली. पाच मिनिटांनी रिक्षा आल्याचं आणि ती बसल्याचं मी पडद्यावर पाहिलं.

मी तशीच तणतणत यंत्रापाशी बसले. म्हटलं, दाखवतेच आता. मोबाइल घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांना लावून धरला. मोबाइलवर नऊ बेचाळीस. पडद्यावर नऊ बावन्न.

पुन्हा पाहिलं. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथेही नऊ बावन्न.

आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. आजचं नाही, सदाशिव पेठेतल्या घरापासूनचं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात आमची सिंहगड एक्स्प्रेस चुकली, त्या दिवशी माधवने घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं ते कायमचं. आमच्या घरात जो तो मनातल्या मनात दहा वजा करतो. इतकं अंगवळणी पडलंय की आपण वजा करतोय हेही कळत नाही.

आणि ज्या दिवशी यंत्र बसलं, त्या दिवशी दत्तोबा स्टुलावर उभा राहून म्हणाला होता, "काकू, किती वाजले सांगा, टाइम टाकतो." मी वर पाहिलं आणि होते तेवढे सांगितले. वजा न करता. तेही विसरून नाही. कारागिराला वेळ नेहमी पुढची सांगावी, म्हणजे तो हात उरकतो, हे माझ्या सासूबाईंचं शास्त्र. प्लंबर असो, रंगारी असो, मी आयुष्यभर त्यांना दहा मिनिटं पुढची वेळ सांगत आले. त्यानंतर रोज पडदा आणि घड्याळ तंतोतंत जुळायचं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

म्हणजे रझियाचं खरं होतं. अमीन सहा दहाला आत आला. दोन मिनिटांनी कालव्यावर साखळी ओढली गेली तेव्हा तो घरात बूट काढत होता. पुढचं चित्रण मी पळवून पाहिलं. आत आला तो दुपारपर्यंत बाहेर पडलाच नव्हता.

मी हिंदुरावांना फोन केला. ते अध्यक्ष, त्यांना सांगणं भाग होतं. ते निम्म्या वाक्यातच गंभीर झाले.

"तुम्ही सही करून दिलीय नव्हं? मग आता गप ऱ्हावा. पोलिसाला खोटं लिहून दिलं म्हणून तुमच्यावरच यायचं. सोसायटीचं नाव पेपरात."

"आणि तो मुलगा?"

"त्याला वकील हाय, कोर्ट हाय. निर्दोष असंल तर सुटंल की. तुम्ही हात लावू नका कशाला. मी दत्तोबाला धाडतो, त्यो घड्याळ सरळ करून देईल. म्हंजे विषयच मिटला."

मी फोन ठेवला आणि मगच त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. दत्तोबाने घड्याळ बरोबर केलं की विषय खरंच मिटणार होता. पोलीस आले तरी यंत्र बरोबर वेळ दाखवणार, मंगळवारचं सहा वीस तसंच राहणार आणि मी शेजारणीसाठी खोटं बोलणारी म्हातारी ठरणार. आणि समजा मी आत्ता त्यांना चुकलेलं घड्याळ दाखवलं, तरी मंगळवारीही ते चुकलेलंच होतं हे कशावरून? ते म्हणतील, काल रात्री तुम्हीच फिरवलं. माझ्या अक्षरातलं 'मी स्वतः तपासले आहे' त्यांच्या फायलीत होतं.

सव्वादहा वाजले. खरे सव्वादहा.

मंगळवारचं असं काहीतरी हवं होतं, ज्याची खरी वेळ दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवली आहे. दूधवाला वेळ लिहीत नाही. वॉचमनची वही म्हणजे आनंदच. तो सगळ्यांच्या नावापुढे 'सकाळी' लिहितो. मी खोलीत येरझारा घातल्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली पोच समोर दिसली. आगमन ३.१५. प्रस्थान ३.४०.

मी धावत येऊन मंगळवार दुपारचं चित्रण काढलं. सर्जेराव फाटकातून आत आले तेव्हा कोपऱ्यात तीन पंचवीस होते. बाहेर पडले तेव्हा तीन पन्नास. हसावं की रडावं ते कळेना. दोन्ही आलं.

आता याची प्रत काढायची होती, आणि मंगळवारनंतर माझ्याकडे पेन ड्राइव्ह उरला नव्हता. तेवढ्यात बेल वाजली. दारात दत्तोबा, हातात पिशवी.

"काकू, अध्यक्षांनी पाठवलंय. टाइम करेक्ट करायचाय."

"यंत्राला हात लावलास तर बोटं मोडीन तुझी." तो दोन पावलं मागे सरला. "ये आत. पेन ड्राइव्ह आहे तुझ्याकडे?"

"आहे की. पण अध्यक्ष म्हणाले..."

"अध्यक्ष खाली राहतात. यंत्र माझ्या घरात आहे. मंगळवार दुपारी तीन ते चार, उतरव यावर. आणि मला सांग, यंत्र बसवलंस त्या दिवशी वेळ कुणी सांगितली होती?"

"तुम्हीच. वर बघून."

"हे पोलिसांसमोर सांगशील?"

त्याचा चेहरा पडला. पोलीस म्हटल्यावर कुणाचाही पडतो. पण तो अमीनला ओळखत होता. दोघं कधी कधी फाटकापाशी गाड्यांवर बोलत उभे राहायचे, हेही मला कॅमेऱ्यातूनच माहीत होतं. "चला काकू," तो म्हणाला. "माझी स्कूटर आहे खाली."

प्रत उतरायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत हिंदुरावांचे चार फोन आले आणि मी चारही घेतले नाहीत. निघताना दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली पर्समध्ये न टाकता हातात धरली. मेन स्विच तळमजल्यावर असतो आणि हिंदुरावांना तो कुठे आहे हे माहीत आहे, हा विचार स्कूटरवर बसल्यावर डोक्यात आला. तो पूर्ण रस्ता मला छळत राहिला.

पोलीस स्टेशनात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रझिया बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला, एवढंच. आतल्या खोलीत एक तरुण फौजदार फायली चाळत होता. डोळे तांबारलेले. शेजारी सर्जेराव उभे.

"साहेब, मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या यंत्राचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

त्याने मान वर केली नाही. फायलीतला एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. माझंच प्रमाणपत्र. "मंगळवारी अचूक होतं. स्वतः तपासलं होतं. आज शुक्रवारी पुढे गेलं?"

"मंगळवारीही पुढेच होतं. मी तपासलं ते घरातल्या घड्याळावरून. तेही पुढे आहे."

"मॅडम, तुम्ही शेजारी आहात. मुलगा चांगला असेल. पण रोज इथे कुणाची ना कुणाची काकू येते." त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला बाराला कागद करायचे आहेत. यंत्राचा टाइम काय, कुणीही पुढे-मागे करू शकतं."

"बरोबर. म्हणून मंगळवारचंच आणलंय." मी पोच त्याच्या टेबलावर ठेवली आणि पेन ड्राइव्ह त्यावर. "ही तुमच्या हवालदारांनी दिलेली पोच. ते सव्वातीनला आले आणि तीन चाळीसला गेले. माझ्या कॅमेऱ्यात ते तीन पंचवीसला येतात आणि तीन पन्नासला जातात. आता तुम्ही मला सांगा. कॅमेरा अचूक असेल तर हवालदारांनी सरकारी कागदावर खोटी वेळ लिहिली. सव्वातीनला ते माझ्या घरी नव्हते, मग कुठे होते?"

सर्जेरावांचा चेहरा लाल झाला.

"साहेब, वेळ बरोबर लिहिलीय मी. मोबाइल बघून. डायरीलाही तीच नोंद आहे."

"मग कॅमेरा चुकलेला आहे," मी म्हटलं. "दोन्ही खरं असू शकत नाही. तुम्हीच निवडा."

फौजदाराने पेन ड्राइव्ह लावला. सर्जेराव पडद्यावर फाटकातून आत आले, टोपी काढून घाम पुसला, कोपऱ्यात तीन पंचवीस. स्वतःला असं वरून बघताना माणसाला कसं वाटतं, ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. फौजदाराने ते दोनदा पाहिलं. मग पोच पाहिली. मग स्टेशन डायरी मागवली आणि तीही पाहिली. अकरा चाळीस झाले. दत्तोबाला आत बोलावलं, त्याचं ऐकून घेतलं. सर्जेरावांना सोसायटीत पाठवलं, यंत्र आहे तसं बघून यायला. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. कोणी मेन स्विच काढला नसू दे, कोणी दार उघडलं नसू दे, एवढंच मी म्हणत होते. कोणत्या देवाला म्हणत होते कोण जाणे.

बाराला पाच कमी असताना सर्जेरावांचा फोन आला. यंत्र दहा मिनिटं पुढे. भिंतीवरचं घड्याळही.

फौजदाराने खुर्ची मागे सरकवली. "आता हे सगळं लिहून द्या. तुमचं प्रमाणपत्र चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं, तेही. उद्या हा खरा माणूस सापडला आणि केस उभी राहिली, तर त्याचा वकील तुमच्या या कागदाने तुम्हाला सोलून काढेल. तुमच्या कॅमेऱ्यातलं पुढे कधीच काही चालणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

मी लिहिलं. छत्तीस वर्षांत स्वतःच्या चुकीचा खुलासा कधी लिहावा लागला नव्हता. 'घरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवण्याची पद्धत असल्याने', असं लिहिलं, आणि पुढे, 'कारागिरास मुद्दाम पुढची वेळ सांगितल्याने.' फौजदाराने वाचलं आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं. ते मला चपराकीपेक्षा जास्त लागलं.

अमीनला दोन वाजता सोडलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या होत्या. तो आईजवळ गेला, बाकावर बसला आणि वाकून नाड्या ओवायला लागला. एका भोकात ओवायला त्याला फार वेळ लागला. रझियाने मदत केली नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. रझियाने दार उघडलं, बसा म्हणाली, चहा टाकला. मी माफी मागितली. माझ्या घड्याळाची, माझ्या सहीची, सकाळच्या बोलण्याची. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही लिहून दिलंत, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी दिलं नसतं. पण एक विचारू? कॅमेऱ्यात हेल्मेट घातलेला माणूस होता. वेळ कॅमेऱ्याने सांगितली. नाव कुणी सांगितलं?"

"मी."

"हं," ती म्हणाली आणि कपात चहा ओतला. "साखर कमी घातलीय. तुमची शुगर वाढलीय ना."

त्या दिवसानंतरही आम्ही बागेत फेऱ्या मारतो, पण ती एक पाऊल पुढे चालते किंवा मी मागे राहते. हिंदुराव माझ्याशी बोलत नाहीत, ते मला सोयीचं आहे. अमीनच्या कंपनीने त्याला आठ दिवस बसवून ठेवलं आणि मग कामावर घेतलं. पण त्याचं नाव कुठल्या तरी यादीत राहिलंच. सर्जेरावांनीच एकदा रस्त्यात सांगितलं. चौकशी झाली की नोंद होते, म्हणाले, आणि नोंद काढायची पद्धत नाही. पुढच्या महिन्यात कोथरूडला साखळी गेली तेव्हा ते आले, पण माझ्याकडे चित्रण मागायला नाही. थेट तळमजल्यावर गेले. अमीन त्या वेळी कुठे होता, एवढंच विचारून गेले. पाच मिनिटांचं काम.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यासमोर बसले होते. घड्याळ आता बरोबर आहे, दत्तोबाने माझ्यासमोर मोबाइल धरून लावलंय. सहा वाजून अकरा मिनिटांनी अमीनची गाडी फाटकातून आत आली. तो नेहमीसारखा पार्किंगकडे गेला नाही. कॅमेऱ्याखाली थांबला. हेल्मेट काढलं, केस मागे सारले आणि चेहरा वर केला. मग खिशातून मोबाइल काढून त्यावरची वेळ कॅमेऱ्याकडे करून धरली. मनात दहा आकडे मोजल्यासारखा तो उभा राहिला आणि मग गेला.

मला वाटलं, कुणाचा तरी फोन आला असेल. दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं. तिसऱ्या दिवशी मी चहा तसाच टाकून खाली धावले.

"अरे अमीन, हे काय रे? घड्याळ आता बरोबर आहे. मी रोज तपासते."

"हो काकू, माहितीये." तो हसला, नेहमीसारखाच, सिलिंडर चढवताना हसतो तसा. "पण असू दे. माझं काय जातं? दहा सेकंद."

आता दोन महिने होत आले. त्याने एक दिवस चुकवलेला नाही. ताप असताना कामावर गेला होता, तेव्हाही थांबला. मी पडद्याकडे बघणं सोडलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी आता रोज सहाच्या आधीच येऊन बसते. तो थांबतो, चेहरा वर करतो, मोबाइल धरतो, आणि मी त्याचा चेहरा नीट आलाय ना, आकडे वाचता येताहेत ना, ते बघते.

काल मोबाइलच्या काचेवर फाटकावरचा दिवा चमकल्यामुळे आकडे दिसले नाहीत. मी खाली जाऊन त्याला सांगितलं. तो पुन्हा फाटकाबाहेर गेला आणि पुन्हा आत आला.